पहाटेच्या फोननंतर

प्रिय मनू,

काल पहाटे फोन वाजला तेव्हा आधी छातीत धस्स झालं. "बाबा, तारा सापडला! धडधडतोय!" म्हणालीस. आणि मग जाता जाता, हसत हसत, वेधशाळेतून परतताना स्टिअरिंगवर जरा डुलकी लागली होती म्हणून सांगितलंस. माझा आवाज चढला. चढायला नको होता. फोन आपटलास, बरंच केलंस.

आज गाडीचं काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तू पाठवलेलं पुन्हा वाचलं. तुझे हे उष्ण सबड्वार्फ तारे सूर्याच्या जेमतेम निम्म्या वस्तुमानाचे, हायड्रोजनचं बहुतेक आवरण गमावलेले, पृष्ठभाग तीस हजार अंशांच्या घरात. वरच्या थरात लोखंड साचतं, आतला उजेड अडवतं, थर फुगतो, दाब सुटतो, पुन्हा बसतो, हीच ताऱ्याची धडधड. मॉन्ट्रियलच्या मंडळींनी हे 1996 मध्ये कागदावर मांडलं. तिकडे दक्षिण आफ्रिकेत किल्केनी आणि सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे ईसी 14026 नावाचा असाच तारा दर 144 सेकंदांनी लुकलुकताना सापडला, उजेड बदलायचा तोही एखाद्या टक्क्यानेच. 1997 मध्ये छापून आलं. तू त्याच रांगेत बसलीस गं.

रात्री झोप येईना म्हणून घड्याळ उशाशी घेऊन 144 सेकंद मोजले. दोन मिनिटं चोवीस. वाटतं त्याहून लांब असतात. साठच्या वेगाने तेवढ्यात गाडी जवळजवळ अडीच किलोमीटर जाते.

आलोच बघ तिथे.

तू दहा-दहा सेकंदांचे फोटो घेतेस, कारण पाच मिनिटांचा एकच घेतला तर चढउतार एकमेकांत विरून जातात. डुलकीला दोन सेकंद पुरतात, मनू. रात्रपाळी संपल्यावर तासभर झोपायचं, मगच चावी हातात घ्यायची. हे शहाणपण माझं नाही. तू सहा महिन्यांची होतीस तेव्हा मी स्कूटरसकट दुभाजकावर गेलो होतो. आईला अजून 'पाय घसरला' एवढंच माहीत आहे.

भाषण झालं, माफ कर. जिन्यातली ट्यूब फडफडायची तेव्हा तू वही घेऊन पायरीवर बसायचीस, मिनिटाला किती वेळा ते लिहायला. दादा हसायचा, मी ट्यूब बदलायची टाळायचो.

वेधशाळेत झोपायला खोली आहे ना? तिची चावी कोणाकडे असते तेवढं कळव. बाकी काही विचारत नाही.

तुझा,
बाबा