शोभेचे म्हणून सूट नको

जनुकबदल केलेली फुलझाडे ‘केवळ शोभेची, म्हणून निर्धोक’ असे सांगणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ते पटले नाही. धोका ठरतो तो झाड कसे पसरते यावर. कार्नेशनची लागवड कटिंगने होते, ते सहसा वाफ्याबाहेर जात नाही. पेट्युनियाच्या एका बोंडात मात्र शंभरावर बिया असतात, धुळीसारख्या बारीक. कुंडीतल्या पाण्याबरोबर त्या थेट गटारात उतरतात. याच पेट्युनियाच्या नारिंगी जातींत मक्याचे जनुक असल्याचे २०१७ साली फिनलंडमध्ये उघड झाले. तोवर त्या विनापरवाना अनेक देशांत विकल्या गेल्या होत्या. गोदावरीतली जलपर्णीही शोभेचे झाड म्हणूनच देशात आली, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

जनुकबदल केलेल्या सजीवांसाठीच्या केंद्राच्या १९८९ च्या नियमांत शोभेच्या झाडांना सूट नाही. अडते ते तपासणीत. आयात मातृरोपांच्या प्रत्येक खेपेतील पानांची ३५एस प्रवर्तकासाठी (घातलेले जनुक चालू करणारा, जनुकबदलात सर्रास वापरला जाणारा डीएनएचा तुकडा) पीसीआर चाचणी व्हावी आणि अहवाल येईपर्यंत एकही कटिंग काढू नये. या चाचणीत प्रत्येक बदल सापडत नाही, पण नारिंगी पेट्युनिया नक्की सापडली असती.

– एक रोपवाटिकाधारक, नाशिक