‘थ्रेशर’ अणुभट्टीमुळे बुडाली नाही

अणुपाणबुड्यांवरील रविवारच्या लेखात अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही पाणबुडी ‘अणुभट्टीच्या अपघातात’ बुडाल्याचे म्हटले आहे. ते बरोबर नाही.

10 एप्रिल 1963 रोजी खोल बुडीच्या चाचणीत ती 129 जणांसह गेली. चौकशी समितीच्या मते, इंजिनकक्षातील समुद्राच्या पाण्याचा एक नळ फुटला असावा. त्याच्या फवाऱ्याने विद्युत उपकरणे बिघडली आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली, म्हणजे सुरक्षेसाठी तिने जे करायला हवे तेच तिने केले. त्यावेळच्या नियमानुसार भट्टी थांबताच वाफेच्या झडपाही मिटायच्या; त्यामुळे उरलेल्या वाफेवर पाणबुडी ढकलणारा पंखा फिरवून वर येण्याची सोय गेली. बॅलास्ट टाक्यांतील (पाणबुडी खाली नेण्यासाठी भरलेले) पाणी हवेच्या दाबाने बाहेर लोटावे, तर त्या हवेत दमटपणा होता. दाब एकदम उतरला की हवा गारठते आणि हवेच्या नळांतील गाळण्यांवर बर्फ धरतो; मग हवा टाक्यांपर्यंत पोचत नाही. नंतर ‘टिनोसा’ या तशाच पाणबुडीवर धक्क्यालाच हे करून पाहिले, तेव्हा गाळण्या अर्ध्या मिनिटात तुंबल्या.

खरे दुखणे नळकामाचे होते. बुडण्यापूर्वीच्या दुरुस्तीत चांदीच्या मिश्रधातूने झाळलेले 145 सांधे ध्वनिलहरींनी तपासले गेले. सुमारे 14 टक्के निकषात बसले नाहीत. असे सांधे पाणबुडीत हजारोंनी होते, तरी बाकीचे न तपासताच तिला समुद्रात सोडले. दोष द्यायचाच, तर तो या घाईला द्यावा. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सबसेफ’ या अमेरिकी नौदलाच्या पाणबुडी-सुरक्षा कार्यक्रमाचा भरही अणुभट्टीवर नसून, समुद्राचे पाणी आत येऊ न देण्यावर आणि आलेच तर पाणबुडी वर आणण्यावर आहे.

— एक वाचक, पुणे