यकृताची सोनोग्राफी टाळू नका

महोदय,

माझ्या यजमानांना हिपॅटायटिस बीमुळे लिव्हर सिरॉसिस (यकृतात व्रण पडून ते कठीण होण्याचा आजार) आहे. नेहमीच्या सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरहून लहान गाठ दिसली. ती कर्करोगाची निघाली. पोट न उघडता, त्वचेतून सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने ती जाळली.

इटलीतील डॉक्टरांनी २००८ मध्ये अशाच, दोन सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असलेल्या २१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ९७ टक्के रुग्णांत गाठ पूर्ण नष्ट झाली. त्यांतले जे शस्त्रक्रियेलाही योग्य होते, त्यांपैकी ६८ टक्क्यांहून अधिक पाच वर्षे जगले. गाठ तीन सेंटिमीटरपुढे गेली की हा भरवसा घटतो. मोठ्या रक्तवाहिनीला ती खेटून असेल, तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि कडेच्या पेशी वाचू शकतात. शिवाय सिरॉसिस राहतोच, त्यामुळे यकृतात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

‘काही दुखत नाही, मग तपासणी कशाला?’ असे म्हणणारे सिरॉसिसचे रुग्ण आमच्या ओळखीतच आहेत. जिल्हा रुग्णालयांनी अशांची नोंद ठेवून दर सहा महिन्यांनी त्यांना सोनोग्राफीसाठी बोलवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कराड