काका, तुम्ही ते मराठीत सांगितलंत

काका, नमस्कार.

हे तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं, पण दोनदा डॉकवर भेटलो आणि दोन्ही वेळा आज वारा काय मस्त आहे वगैरे बोलून सटकलो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिडाची बोट चालवतो, तीस फुटी, जुनी, सेकंडहँड. हे वेड 2013 ला लागलं, अमेरिका कप ही शिडाच्या बोटींची मोठी शर्यत इथेच झाली आणि ओरॅकलवाले, म्हणजे अमेरिकेचा संघ, 8-1 ने मागे असताना 9-8 ने जिंकले ते किनाऱ्यावरून बघितलं, बायको अजून म्हणते त्या दिवशी तुला घरात कोंडून ठेवायला हवं होतं.

बोट घेताना चांगले पैसे मोजून सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा माणूस, आणला होता. साहेबांनी पांढरा रंग बघितला आणि रिपोर्टात लिहून मोकळे, मास्ट (शिडाची डोलकाठी) अ‍ॅल्युमिनियमची. हात तरी लावला होता का देव जाणे. आधीच्या मालकाने कधीतरी कार्बन फायबरची मास्ट टाकून वर रंग मारलेला आणि रेटिंगवाल्यांना कळवलंच नव्हतं.

आता आमच्याकडे लहानमोठ्या सगळ्या बोटी एकत्र पळतात, म्हणून पीएचआरएफ नावाच्या पद्धतीचं रेटिंग असतं, मैलामागे इतके सेकंद सूट, बोट जितकी हळू तितका आकडा मोठा. तो आकडा बोट कारखान्यातून निघाली तशीच आहे असं धरून ठरतो, काही बदललं तर मालकाने कळवायचं, सगळा भरवशाचा मामला. आणि कार्बनची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण निम्म्या वजनाची असते. वरचं वजन गेलं की बोट कमी कलते, लाटांवर कमी आपटते. उन्हाळ्यात दुपारनंतर गोल्डन गेटमधून वीस-पंचवीस नॉटचा वारा आत घुसतो आणि समोरून ओहोटीचं पाणी त्याच्या अंगावर जातं, तिथे हा फरक कळतोच कळतो.

तर मी बुधवारच्या तीन रेस लागोपाठ जिंकलो. मला वाटलं चला, आपल्याला जमायला लागलं एकदाचं! तिकडे बारमध्ये माझ्या पाठीमागे कुजबुज सुरू, चीटर हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला, पण तोंडावर विचारायला एक जण आला नाही. एकही नाही. आणि तिन्ही वेळा दुसरे कोण आले होते, तर तुम्ही.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या बोटीवर आलात, आजूबाजूला पाच-सहा जण बिअर घेऊन उभे. तुम्ही मास्टवर तळहात टेकवलात, जरा वेळ तसाच ठेवलात. मग मास्टवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्लीटच्या (दोर अडकवायचा खुंटा) कडेने अंगठा फिरवलात तर पांढरी भुकटी निघाली (कार्बनला अ‍ॅल्युमिनियम थेट चिकटलं आणि खारं पाणी लागलं की अ‍ॅल्युमिनियम सडत जातं, मध्ये प्लास्टिक वगैरे काही घालावं लागतं, हे तुम्ही नंतर शिकवलंत). मग खिशातून क्वार्टर काढलंत, नाणं हो, गैरसमज नको, आणि मास्टवर टकटक केलंत. अ‍ॅल्युमिनियम असतं तर खणखणीत वाजायला हवं होतं, वाजलं ठक ठक, दारावर वाजावं तसं.

दोन सीझन आपण इंग्लिशमध्येच बोलत आलो होतो. तुम्ही वेंगुर्ल्याचे, जहाजावर इंजिनियर होतात एवढं मला माहीत होतं, पण चारचौघांत तुम्ही मराठी कधी काढली नव्हती. त्या दिवशी काढलीत. चेहरा हसरा, जेवलास का विचारावं तसा आवाज, आणि म्हणालात, "हसत राहा. तुझी काठी कार्बनची आहे. उद्या तू स्वतः जाऊन सांग, मी कोणाला बोलणार नाही."

काका, पोटात गोळा आला होता माझ्या. पण त्या पाच-सहा जणांना वाटलं दोन देशी माणसं जेवणाखाण्याचं काहीतरी बोलतायत. तुम्ही हेच इंग्लिशमध्ये बोलला असतात तरी चुकीचं नव्हतं, सरळ प्रोटेस्ट, म्हणजे रेसची रीतसर तक्रार, टाकला असतात तरी कोणी नावं ठेवली नसती, नुकसान तुमचंच झालं होतं ना.

दुसऱ्या दिवशी रेटिंगवाल्यांकडे गेलो, सांगितलं. त्यांनी माझ्या सुटीतले मैलामागे सहा सेकंद कापले. पाच मैलांच्या रेसला तीस सेकंद, म्हणजे मी अकरा आणि चोवीस सेकंदांनी जिंकलेल्या दोन्ही रेस तुमच्या झाल्या, तिसरी तेवढी राहिली माझी. निकाल बदलले त्या दिवशी बारमध्ये तुम्हीच मोठ्याने म्हणालात, ह्याने आपणहून येऊन सांगितलं. आपणहून! मी ग्लासात बघत बसलो. खरं सुनावणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटलेत हो, ऑफिसात तर रोज भेटतात, पण समोरच्याची लाज राखून खरं सांगणारं माणूस असं किती वेळा भेटतं?

त्यानंतर कोणी कुजबुजलं नाही. मागच्या बुधवारी तुमच्यामागे चौथा आलो आणि झोप छान लागली.

क्लीट नवीन बसवलंय, खाली प्लास्टिकची चकती घालून. एकदा येऊन बघून जा. आणि तुमचं ते नाणं माझ्याकडेच राहिलंय, मागू नका, देणार नाही.

तुमचा,
पांढऱ्या काठीवाला