साथीत अझिथ्रोची नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोरोना ओसरून वर्षे झाली, पण त्या वेळची औषधाची चिठ्ठी आमच्या भागात अजून चालू आहे. मी केजला मेडिकल चालवते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी लोक काउंटरवर येतात आणि मोबाइलमधला 2021 चा फोटो पुढे करतात. चिठ्ठी कुणाच्या तरी दिराची नाहीतर भावजयीची असते. त्यावर अझिथ्रोमायसिन 500 आणि डॉक्सी ही दोन अँटिबायोटिक (जिवाणूंवरची औषधे) आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या. "ताई, ह्याच्या चार पट्ट्या द्या. फडावर लेकराला ताप आला तर दवाखाना कुठं हुडकावा?" प्रश्न खरा आहे. दवाखान्यात गेले की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीतून जातात. मी पॅरासिटामॉल आणि ओआरएसच्या पुड्या देते, अझिथ्रो देत नाही. मग ते पुढच्या दुकानात जातात.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे आम्हा फार्मसीवाल्यांना पहिल्या वर्षाला शिकवतात. तरी 2020 मध्ये डॉक्टरांच्या हाती दुसरे काही नव्हते, हेही मान्य. पण ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने डिसेंबर 2020 मध्येच सांगितले की दवाखान्यात भरती असलेल्या कोरोना रुग्णांना अझिथ्रोमायसिनचा फायदा होत नाही. घरी उपचार घेणाऱ्यांबद्दलचे तसेच उत्तर 'प्रिन्सिपल' चाचणीतून जानेवारी 2021 मध्ये आले. आपल्याकडची दुसरी लाट त्यानंतरची. एप्रिलमध्ये माझ्यासमोर येणाऱ्या चिठ्ठ्यांवर मात्र तीच नावे होती. मेअखेर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सौम्य रुग्णांसाठी ताप-खोकल्याची औषधे ठेवून बाकीची काढली, तोवर घरोघरी फोटो पोहोचले होते. पुढे 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरचा हिशेब मांडला: भरती झालेल्या कोरोना रुग्णांपैकी जिवाणूंचा संसर्ग जेमतेम 8 टक्क्यांना होता आणि अँटिबायोटिक दिले गेले सुमारे 75 टक्क्यांना.

मोठ्या दवाखान्यांत काय झाले तेही बोलले पाहिजे. सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी; कोरोनात तो विषाणूमुळेच वाढत होता. तो वाढलेला दिसला की मेरोपेनेमसारखे, जिवाणूंच्या गंभीर संसर्गासाठी राखून ठेवायचे इंजेक्शन सुरू व्हायचे. कल्चर, म्हणजे जिवाणू आहे का ते शोधायची तपासणी, पाठवायची म्हटली तर रिपोर्टला दोन-तीन दिवस, आणि रुग्ण ऑक्सिजनवर. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण रिपोर्ट आल्यावर, जिवाणू सापडला नाही तर, इंजेक्शन बंद करणे हातात होते.

आमच्या दुकानांपुरती एक गोष्ट सरकारला सहज करता येण्यासारखी होती, आजही आहे. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांची यादी, लागू आहे. त्यातले सेफिक्झिम हे अँटिबायोटिक दिले की डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते, ती वही तीन वर्षे जपावी लागते. त्या यादीत अझिथ्रोमायसिन नव्हते. ते साध्या शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठी लागते, पण वही नाही. कोरोनात ज्या गोळीला सगळ्यात जास्त मागणी होती, तिलाच वही नव्हती! कुठल्या गावात किती गेली, कुणी लिहिली, हे त्या वेळी कुणी विचारले असते तरी सांगता आले नसते.

ही गोळी आपल्याला लागणारी आहे, आणि गरज नसताना खात राहिलो तर जिवाणू तिला दाद देईनासे होतात, म्हणून जीव तुटतो. उन्हाळ्यात गावोगाव टँकर सुरू झाले की पाठोपाठ टायफॉइडचे रुग्ण येतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक टायफॉइडवर आता फारसे चालत नाही. तोंडाने घ्यायच्या औषधांत डॉक्टरांची भिस्त सेफिक्झिम आणि अझिथ्रोवरच. पाकिस्तानात सिंध प्रांतात 2016 पासून असा टायफॉइड पसरला की पोटात घ्यायच्या गोळ्यांत अझिथ्रोच काय ती उरली. तीही चालेनाशी झाली तर फडावरच्या त्या लेकराला सलाइन लावायला नेणार कुठे?

म्हणून मागणी अशी: पुढच्या साथीत साथरोग कायदा लागू होईल त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढावा की साथ संपेपर्यंत अझिथ्रो आणि डॉक्सीचीही एच-वनसारखी वही ठेवायची. चिठ्ठीवर डॉक्टरांनी औषध कशासाठी आणि किती दिवस, हे मराठीत लिहायचे. औषध निरीक्षकांनी दर आठवड्याला त्या वहीचा गोषवारा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यायचा, आणि केंद्राची सूचना बदलली की ती त्याच दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक मेडिकलवर लागली पाहिजे. आणि टोळ्या निघायच्या आधी मुकादमाकडे तापाची साधी औषधे आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर द्यावा. हे एवढे काम आशाताईंकडून याच हंगामात होऊ शकते.

– एक औषध विक्रेती, केज (जि. बीड)