खुर्ची ओढल्याचा आवाज

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारच्या फोनवर तुम्ही कॉलेजचं विचारता आणि मी "बरं चाललंय" म्हणून मोकळी होते. आता सरत्या वर्षाबद्दल प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं आणि बैठकीत वाचायचं, असं प्राचार्यांनी सांगितलंय. तीन संध्याकाळी कागदापुढे बसले, एक ओळ झाली नाही. म्हटलं, आधी तुम्हाला लिहू, मग तिथलं सुचेल.

बाबा, तुम्ही अजून सगळ्यांना "मुलगी समाजसेवा शिकवते" असंच सांगता. समाजसेवा नाही हो, समाजकार्य! सेवा मनात आलं की करता येते. हे रीतसर शिकायचं, सुपरवायझरची बोलणी खायची आणि पगार घेऊन करायचं काम आहे. त्यातलं निम्मं शिक्षण वर्गाबाहेर होतं. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला, तिथून या शिक्षणाची सुरुवात सांगतात. तो वर्ग होता आधीच गरिबांच्या दारी जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी. काम आधी, शाळा मागून. म्हणून फील्डवर्क, म्हणजे संस्थांत आणि घरोघरी जाऊन करायचं काम, बंद पडलं की आमच्याकडे उरतात नुसती टिपणं.

आणि नेमकं तेच बंद पडलं. ११ मार्च २०२० ला कोरोनाची महासाथ जाहीर झाली. १७ ला जागतिक समाजकार्य दिन होता आणि त्याचा त्या वर्षीचा विषय होता मानवी नातेसंबंधांचं महत्त्व! मुलांनी फलक रंगवून ठेवला होता, तेवढ्यात एकमेकांपासून लांब राहायच्या सूचना आल्या. तो फलक अजून कपाटामागे उभा आहे. रुग्णालयं, वृद्धाश्रम, बालगृहं, सगळीकडून एकच निरोप आला: विद्यार्थी पाठवू नका. वर्गातल्या दोघांचं छत्र याच वर्षी हरपलं. त्याबद्दल मला इथेही लिहवत नाही.

शेवटी एका संस्थेने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी दिली आणि मुलांनी फोनवरून काम सुरू केलं. मला ते मनातून पटलेलं नव्हतं. गृहभेटीत माणूस काय बोलतो यापेक्षा दार कसं उघडतो, औषधं कुठे ठेवतो, हे बघायला आपण शिकवतो. फोनवर काय दिसणार?

मग एका मुलाचं रेकॉर्डिंग आलं. भेटीत जे झालं ते संवादासकट लिहून काढायचं, त्याला आम्ही रेकॉर्डिंग म्हणतो. त्याने लिहिलं होतं, "आजी पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही." मी समासात लाल पेनने विचारलं, "या शांततेत काय ऐकू आलं?" खरं सांगते, टोमणाच होता तो. पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं. घड्याळाची टिकटिक, खोकला आणि खुर्ची ओढल्याचा आवाज. खुर्ची थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. पुढच्या फोनला त्याने हळूच विचारलं, तेव्हा कळलं की आजींना आधाराशिवाय चालता येत नव्हतं. त्या खुर्ची पुढे ढकलत घरात फिरत होत्या. फोनवर मात्र दर वेळी "मी ठणठणीत आहे". त्याने संस्थेला कळवलं आणि वॉकर मिळाला. माझ्या नोकरीत इतकं चांगलं रेकॉर्डिंग मी क्वचित वाचलं असेल.

आता माझंही ऐका. एक मुलगी ऑनलाइन तासाला कॅमेरा कधीच लावायची नाही. एकदा सगळ्यांदेखत मी तिला म्हणाले, "सेवार्थीसमोर अशी तोंड लपवून बसशील का?" सेवार्थी म्हणजे आपण ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं. पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळलं की घरात एकच खोली, आजारी वडील तिथे झोपलेले, म्हणून ती तासाला जिन्यात बसायची. येणारे-जाणारे तिच्या अंगावरून जायचे. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली केसवर्कची, म्हणजे एकेका माणसासोबत करायच्या कामाची, सात तत्त्वं मी दर वर्षी घोकून घेते. समोरच्याचा निवाडा करू नये, हे त्यातलंच एक. शिकवणारीच नापास झाली. मी भर वर्गात तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डिंगमध्ये लिहू का हे?" सगळे हसले, मीही. आई, तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, बरी जिरली.

नव्या वर्षाच्या मुलाखतीही झाल्या. दर वर्षी निम्मी मुलं "समाजाचं ऋण फेडायचंय" म्हणतात आणि मी मनात जांभई देते. यंदा एक जण म्हणाला, "नोकरी गेली. घरी बसून शेजाऱ्यांचे अर्ज भरून देत होतो. ते बरं जमतं असं वाटलं." मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. अशी मुलं दारात उभी असताना वर्ष वाया गेलं, असं मला बैठकीत म्हणता येणार नाही. फील्डवर्कही सुरू होतंय, आधी आठवड्यातून एकच दिवस. फोन मात्र चालू ठेवायचे, हे मी भांडून मंजूर करून घेतलंय.

एक राहिलंच. वर्षभर मुलांना सांगत आले की फोन म्हणजे प्रश्नावली नव्हे. आणि तुम्हाला काय विचारते? जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागते का. तीन मिनिटांत फोन ठेवते. तुम्हीही पटापट हो-हो म्हणता.

आई, गेल्या रविवारी तू बोलत होतीस तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. बाबा उठले होते का? त्यांच्या गुडघ्याचं काय ते खरं लिही. बाबांना विचारून नको, तू बघून लिही. मी शनिवारी येतेच आहे.

तुमची,
ताई