पोस्टडॉकला यावे की नाही? : मित्रास पत्र

ग्योटिंगेन, जर्मनी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

प्रबंध सादर झाल्यावर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या मुदतीच्या संशोधनासाठी, इकडे यावे का, असे तू विचारले आहेस, म्हणून गेल्या चार वर्षांत जे अनुभवले ते मोकळेपणाने लिहितो.

या कामात सर्वांत मोलाचा मिळतो तो वेळ. तासिका नाहीत, समित्या नाहीत. यीस्टच्या पेशीत एक प्रथिन नेमके कोठे जाते, या एकाच प्रश्नामागे मी महिनोन् महिने लागू शकतो. मागच्या हिवाळ्यात एका रात्री सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रथिनाचे हिरवे चमकणारे ठिपके पेशीच्या कडेला दिसण्याऐवजी केंद्रकाभोवती कड्यासारखे उमटले, तेव्हा मी तीनदा नवी काचपट्टी तयार करून खात्री केली आणि पहाटे चालतच घरी गेलो. अशा रात्रीसाठी मी पुन्हा हाच मार्ग धरीन.

याच शहरात काम करणारे संशोधक श्टेफान हेल यांना अतिसूक्ष्म तपशील दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी २०१४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण त्यामागची कल्पना १९९४ मध्ये मांडली तेव्हा ते फिनलंडमधील तुर्कू येथे तात्पुरत्या आधारावर संशोधन करीत होते. याने धीर येतो. मात्र त्या भरवशावर संसार मांडता येत नाही.

येथील २००७ च्या कायद्यानुसार पीएच.डी.नंतर मुदतीच्या करारांवर साधारणपणे सहा वर्षेच नोकरीत राहता येते. प्रकल्पनिधीवरील जागांचा नियम तेवढा वेगळा आहे. माझा करार दोनदा केवळ सहा-सहा महिन्यांनी वाढला आणि निवास परवानाही तेवढाच. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी परवान्याचे नूतनीकरण रखडले होते, त्यामुळे मला येता आले नाही. ती खंत अजून जात नाही.

उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधील डब्यांवरचा बर्फ खरवडला की पूर्वीच्या पोस्टडॉकांची नावे दिसतात. त्यांचे नमुने आम्ही रोज वापरतो, पण त्यांतील कित्येकजण आता कोठे आहेत, हे प्रयोगशाळेत कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना दोन गोष्टी लेखी विचार: पहिला करार किती वर्षांचा असेल, आणि निघताना संशोधनाचा कोणता प्रश्न स्वतःचा म्हणून सोबत नेता येईल. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर टाळले गेले, तर येऊ नकोस. उत्तर आले की मला पाठव. होकार कळवण्याआधी आपण ते एकत्र वाचू.

तुझा स्नेही